दारात दोन शेळ्या बांधायच्यात, पण रोजचा चारा कुठून?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही पुण्यात धायरीला राहतो. स्वतःचं रो हाउस आहे, वर ५०० फुटांची गच्ची आणि बाजूला ८ फूट रुंदीची पट्टी मोकळी आहे. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांचं सगळं आयुष्य संगमनेरकडे गावी गेलं, दारात कायम शेळ्या असायच्या, इथे त्या दिवसभर गप्प बसून असतात. म्हणून मी ठरवलंय की गच्चीवर भाजीपाला करायचा आणि बाजूच्या पट्टीत दोन शेळ्या आणायच्या, सासूबाईंना सरप्राइज म्हणून. मिस्टर म्हणतात लगेच पावसाळ्याआधी आणू. शेजारच्या काकूंना वासाची आणि आवाजाची भीती वाटते. मागे नाल्याच्या कडेला एक रिकामा प्लॉट आहे, तिथे पालक वगैरे लावला तर चालेल का? व्हिडिओत बघितलं की शहरात शेळीच्या दुधाला खूप भाव मिळतो, त्यातून खर्च निघेल ना? आणि माझ्या भावजयीचं बाळ ६ महिन्यांचं आहे, त्याला हे दूध देता येईल का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, कारण घरातलं म्हातारं माणूस गप्प झालंय हे तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही त्यावर काहीतरी करायला निघालात, हे सगळ्या घरांत होत नाही. भाजीपाल्याला माझं सरळ हो आहे, उद्यापासून सुरू करा. शेळ्यांनाही माझं नाही असं नाहीये, पण आत्ता नको, आणि सरप्राइज तर अजिबात नको. का ते सांगते.

आधी चाऱ्याचं बोलू, कारण शहरात शेळी पाळायचा सगळा प्रश्न तिथेच येऊन अडतो. जागा मिळते, हौस असते, डॉक्टरही मिळतात, पण रोज सकाळी हिरवा पाला कुठून येणार याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. एका मोठ्या शेळीला दिवसाला ३ ते ४ किलो हिरवा चारा, वर किलोभर सुका, म्हणजे कडबा कुट्टी, तुरीचा नाहीतर हरभऱ्याचा भुसा असं काहीतरी, आणि दुधावर किंवा गाभण असेल तर पाव किलो खुराक लागतो. दोन शेळ्या म्हणजे ७-८ किलो हिरवा पाला, रोज, रविवारी पण, दिवाळीला पण, तुम्ही सगळे लग्नाला गेलात तरी पण. गावाकडे सासूबाई शेळ्या सोडायच्या, त्या बांधाबांधाने बोर, बाभूळ, हिवर खात फिरायच्या आणि संध्याकाळी पोट भरून घरी यायच्या, त्यामुळे चारा विकत आणायचा किंवा गोळा करायचा हा विषयच नव्हता. धायरीत शेळी कुठे सोडणार, रस्त्यावर मोकाट कुत्री आहेत, आणि शहरात मोकळ्या सोडलेल्या शेळीला सगळ्यात मोठा धोका त्यांचाच असतो, बिबट्या वगैरे लांबची गोष्ट.

म्हणून माझं म्हणणं असं की शेळी आणायच्या आधी महिनाभर नुसता चारा गोळा करून बघा. खरंच सांगते. रोज सकाळी पाला आणायचा, वजनकाट्यावर ठेवायचा, ८ किलो भरतो का बघायचा, आणि जवळपास कुणाकडे जनावरं असतील तर त्यांना देऊन टाकायचा, नाहीतर खताच्या खड्ड्यात टाकायचा. भाजीवाल्याकडचा फ्लॉवर-कोबीचा पाला मिळतो, पण त्यावर फवारणी झालेली असते आणि नुसता कोबीचा पाला जास्त झाला की पोट फुगतं, त्यामुळे तो थोडाच द्यायचा, मुख्य चारा म्हणून नाही. टेकडीवरून तोडून आणू असंही मनात आणू नका, ती बऱ्याचदा वनखात्याची जागा असते. महिनाभर हे जमलं, कंटाळा आला नाही, मिस्टरांनी पण दोन-चार वेळा स्वतः उठून पाला आणला, तर मग तुमच्या घरात शेळी जगेल.

आणि जूनमध्ये, पाऊस पडला की, त्या ८ फुटी पट्टीच्या कडेने चाऱ्याची झाडं लावून टाका. शेवग्याची हाताच्या मनगटाएवढी फांदी रोवली तरी लागते, हादगा आणि शेवरी बियांपासून भराभर वाढतात, दशरथ घास एकदा लागला की कापत राहायचा. सुबाभूळ शेळ्या आवडीने खातात पण एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर देऊ नका, त्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, जास्त झालं की केस गळतात, तब्येत उतरते. शेवगा तर तुम्हालाही खायला होईल, शेंगा तुमच्या, पाला शेळ्यांचा.

आता मिस्टर म्हणतात पावसाळ्याआधी आणू, तर तो सगळ्यात वाईट मुहूर्त आहे. नवीन जागा, नवीन माणसं, त्यात ओली जमीन, ओला चारा. खुरं कुजतात, न्यूमोनिया होतो, जंत वाढतात, आणि आंत्रविषार ज्याला म्हणतात तो आजार पावसाच्या सुरुवातीच्या कोवळ्या लुसलुशीत गवतावरच जास्त होतो, संध्याकाळी चांगली असलेली शेळी सकाळी मेलेली सापडते. दिवाळीनंतर आणा. तोपर्यंत तुमचा पाला वाढलेला असेल, हवा कोरडी असेल, आणि गोठाही नीट बांधून होईल.

सासूबाईंना सरप्राइज नको म्हटलं त्याचं कारण. ताई, त्यांचं वय तुम्ही लिहिलं नाहीये, पण शेळीचं काम म्हणजे दिवसातून दहा वेळा वाकणं, लेंड्या लोटणं, दावं ओढणं, आणि शेळीने हिसका दिला तर म्हातारं माणूस पडतं, मांडीचं हाड मोडतं. त्यांना नक्की कशाची आठवण येते ते त्यांच्याशी बोलल्याशिवाय कसं कळणार? कदाचित शेळ्यांची येत असेल, कदाचित बोलायला येणाऱ्या बायकांची येत असेल, कदाचित हाताला काम नाही याचंच दुःख असेल. आणि कदाचित त्या म्हणतील, बाई, चाळीस वर्षं शेळ्यांच्या मागे फिरले, आता नको. तेही त्यांचं खरं असेल. पण जर हो म्हणाल्या तर मग पहिल्या दिवसापासून हा कारभार त्यांचा ठेवा, शेळी निवडायला त्यांना घेऊन जा. दात बघून वय, कास बघून दूध, चाल बघून दुखणं, हे त्यांना जेवढं कळतं तेवढं कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणारे मोबाईलमध्ये ढीगभर आहेत, तुमच्या घरात तर खरंच शेळ्या राखलेलं माणूस बसलंय.

जात कुठली म्हणाल तर संगमनेरीच घ्या, सासूबाईंच्या ओळखीची आणि पुण्याच्या हवेला सरावलेली. उस्मानाबादीही चांगली, काळीभोर असते, काटक असते, जुळी करडं बऱ्याचदा देते. लांबच्या राज्यातून ट्रकने आलेल्या उंचपुऱ्या, लटकत्या कानांच्या शेळ्या दिसायला देखण्या असतात, पण नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. चाकणला शनिवारचा बाजार असतो, पण पहिल्या दोन शेळ्या बाजारातून घेण्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून घ्या, बाजारात दहा गावची जनावरं एकत्र येतात, तिथून आजार घरी येतो. ५-६ महिन्यांच्या दोन पाठी, म्हणजे मादी करडं घ्या, माणसाळतात लवकर. दोनच का, तर एकटी शेळी ओरडून ओरडून जीव टाकते, तिला कळप लागतो. आणि बोकड अजिबात पाळू नका, शेजारच्या काकूंना ज्या वासाची भीती आहे तो वास बोकडाचाच असतो, वस्तीत तो सहन होत नाही. शेळी माजावर आली की तेवढ्यापुरती ओळखीच्या बोकडाकडे न्यायची किंवा डॉक्टरांकडून कृत्रिम रेतन करून घ्यायचं.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शहरात शेळ्या उपासमारीने मरत नाहीत, प्रेमाने मरतात. तुमच्या गल्लीत शेळ्या आल्या की सगळी पोरं, सगळ्या काकू येणार, कुणी शिळी पोळी देणार, कुणाकडे सत्यनारायण झाला की उरलेला भात आणि शिरा येणार, कुणी श्राद्धाचं पान आणून ठेवणार. शेळी ते सगळं हावरटासारखं खाते. मग कोठीपोटात, म्हणजे शेळीच्या पहिल्या मोठ्या पोटात, तो भात, ती कणीक आंबते, आम्ल तयार होतं, आणि काही तासांत डावी कूस ढोलासारखी वर येते, शेळी रवंथ करायची थांबते, दात खाते, मान मागे वळवून पोटाकडे बघत राहते, मग खाली बसते आणि उठत नाही. रात्रीत जाते. शेळी जाते जिवानिशी, आणि देणाऱ्याला वाटतं मी तर चांगलंच केलं. म्हणून गव्हाणीवर पाटी लावा, कुणीही काही खायला देऊ नये, आणि पाटीवर न थांबता गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन हात जोडून सांगा. कूस फुगलेली दिसली की घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, तो आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, आणि औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे तिथे एकदा आधीच जाऊन ओळख करून या.

तसंच कण्हेर. सोसायट्यांच्या कडेला, डिव्हायडरवर, बंगल्यांच्या कुंपणाला कण्हेर असतेच, पुण्यात तर सर्रास. तिची थोडी पानं पोटात गेली तरी हृदय बंद पडतं, वाळलेली पानंही तेवढीच विषारी. घाणेरी म्हणजे टणटणी, तीही नको. त्यामुळे गार्डनवाल्याने दिलेला मिक्स पाला निवडल्याशिवाय गव्हाणीत टाकायचा नाही, मेथी निवडतो तसा निवडायचा. आणि पाला जमिनीवर टाकू नका, शेळी तुडवलेलं, लेंड्या लागलेलं खात नाही, सगळा वाया जातो. तिच्या तोंडाच्या उंचीला पेंडी बांधून लटकवा, झाडाचं ओरबाडून खायची तिची सवय असते, तशी पेंडी पार देठापर्यंत साफ करते.

शेजारच्या काकूंचं म्हणाल तर त्यांची भीती खोटी नाहीये. लेंडीला फारसा वास येत नाही, वास येतो मुताला. त्यामुळे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच फळ्यांचं मचाण करा, फळ्यांत बोटभर फट ठेवा म्हणजे लेंडी-मूत खाली पडतं आणि शेळी कोरडी राहते, खाली उतार द्या आणि वाळलेल्या पाचोळ्याचा थर टाका, तो रोज बदलायचा. एका शेळीला आतली साधारण १० चौरस फूट जागा आणि बाहेर फिरायला त्याच्या दुप्पट धरा, तुमच्या पट्टीत दोघींना हे सहज बसतं, पण करडं झाली की तीच पट्टी पुरणार नाही. आवाजाचं म्हणाल तर आणल्यावर पहिला आठवडा त्या ओरडणार, नंतर दर तीन आठवड्यांनी माजावर आल्या की दिवस-दीड दिवस ओरडणार, करडं आईपासून तोडली की ओरडणार. हे काकूंना आधी सांगा. आधी सांगितलं की माणूस सहन करतं, नंतर कळलं की तक्रार करतं. आणि तक्रारीवरून आठवलं, परवानगीचं काम शेळ्या आणायच्या आधी करा. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन तुमच्या जागेत दोन शेळ्या ठेवायला काय लागतं ते लेखी घ्या, तोंडी "ठेवा हो, कोण विचारतंय" यावर विसंबू नका, कारण तक्रार झाली की तो "ठेवा हो" म्हणणारा सापडत नाही आणि जनावरं रात्रीत कुठेतरी हलवायची वेळ येते.

आता खर्च निघेल का. नाही निघणार. संगमनेरी शेळी दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर दूध देते, चांगली असेल तर थोडं जास्त, ते पण व्यायल्यानंतर तीन-चार महिने, आणि त्यातलं आधी करडांचं. मग ती आटते, पुन्हा गाभण राहिली की पाच महिने म्हणजे दीडशे दिवस थांबायचं. चारा विकत घेऊन हा हिशोब जमत नाही, स्वतःचा पाला असेल तर घरच्या चहाचं दूध आणि गच्चीचं खत एवढं सुटतं. व्हिडिओत जो भाव सांगतात तो बऱ्याचदा डेंग्यूच्या सीझनचा असतो, लोक घाबरून प्लेटलेट वाढतील म्हणून वाट्टेल ते पैसे देऊन शेळीचं दूध घेतात. त्याने प्लेटलेट वाढतात हे सिद्ध झालेलं नाही, तेव्हा आजारी माणसाच्या भीतीवर आपण पैसे करू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आणि करडांचं काय करणार ते आत्ताच घरात बसून ठरवा. दूध हवं म्हणजे शेळी विणार, विणार म्हणजे निम्मे बोकड होणार. घरात मुलं असतील तर ती पहिल्याच दिवशी त्यांची नावं ठेवतील. सहा-आठ महिन्यांनी ते बोकड विकायचे म्हणजे ते कशासाठी जातात हे सगळ्यांना माहिती असतं. गावाकडे सासूबाईंनी हे शांतपणे केलेलं असणार, तो तिथला संसार होता, त्यात चूक काही नाही. पण तुम्हाला आणि मुलांना ते झेपणार आहे का? नसेल झेपत तर शेळ्या गाभण घालू नका, नुसत्या पाळा, लेंडीखतासाठी आणि सोबतीसाठी, दूध विसरा. दोन्ही रस्ते मला मान्य आहेत, पण बोकड मोठा झाल्यावर घरात रडारड आणि भांडणं हे नको.

भाजीपाल्याकडे येते. गच्चीवर नुसती माती नेऊ नका. एक घनफूट ओली माती ४५ किलोच्या आसपास भरते, तुम्ही फुटभर उंचीचे वाफे मातीने भरले तर स्लॅबवर केवढं ओझं पडेल बघा. वाळलेला पालापाचोळा, उसाची चिपाडं, थोडं शेण आणि मूठमूठ माती असे थर देऊन मोठे क्रेट किंवा बॅगा भरा, हलकं होतं आणि चार-पाच महिन्यांत काळं भुसभुशीत होतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर स्वयंपाकघराच्या कचऱ्यातूनच अशी मोठी बाग उभी राहिली, आणि त्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवारा'चा, म्हणजे शेतीचे प्रयोग स्वतः करून बघणाऱ्या लोकांच्या गटाचा, विचार आहे, की माती विकत आणायची नसते, आपल्या आसपासच्या पाचोळ्यातून बनवायची असते. पाचोळा पुण्यात हिवाळा संपता संपता रस्त्यावर ढिगाने मिळतो, लोक जाळतात तो, ब्राऊन लीफसारखे गट तर पाचोळा नको असणाऱ्यांची आणि हवा असणाऱ्यांची गाठ घालून देतात. जड क्रेट बीमच्या वर आणि भिंतीच्या कडेने ठेवा, मध्ये नको, आणि सगळ्यात आधी वॉटरप्रूफिंग तपासा, नंतर ओल आली की सगळी बाग उचलावी लागते. खताचा प्रकल्प नीट झाला तर मिळकतकरातल्या सवलतीचंही विचारून घ्या, पुणे महापालिका गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी अशा गोष्टींना ५ ते १० टक्के सवलत देत आलीय.

जूनमध्ये मेथीच्या मागे लागू नका, पावसात सडते. आत्ता भेंडी, गवार, दोडका, कारलं, घोसाळं, एका कोपऱ्यात अळू, आणि मिरची-वांग्याची रोपं. मेथी, पालक, कोथिंबीर, चुका दसऱ्यापासून पुढे. पालेभाजीला ६-८ इंच खोली पुरते, वांगं-टोमॅटोला फूटभर तरी हवी, वेलांना दीड फूट. ५०० फुटांत घरची पालेभाजी आणि वेलभाजी बऱ्यापैकी सुटते, कांदे-बटाटे सुटत नाहीत, त्यांचा नाद सोडा. लेंडीखत मिळालं, कुणाकडूनही, तर ताजं टाकू नका, दोन-तीन महिने ओलसर ठेवून कुजवा मग वापरा, विशेषतः कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं त्याला.

नाल्याकडेचा प्लॉट मात्र सोडून द्या. प्लॉट कुणाचा तरी आहे हे एक, आणि तिथल्या मातीत आणि पाण्यात काय काय उतरलंय ते दिसत नाही हे दुसरं. मुंबईत रेल्वेच्या रुळांकडेला वर्षानुवर्षं पालक, माठ, भेंडी पिकायची, भाजी दिसायची हिरवीगार, पण बऱ्याच ठिकाणी पाणी गटाराचं असायचं. शिसं, कॅडमियम असले जड धातू धुऊन जात नाहीत, उकळून जात नाहीत, आणि पालेभाज्या ते चांगलेच शोषतात. तिथला चारासुद्धा शेळ्यांना नको.

बाळाचं शेवटी विचारलंत. ६ महिन्यांच्या बाळाला शेळीचं दूध देऊ नका. वर्षाच्या आत आईचं दूध आणि त्यासोबत घरचा वरचा आहार, आईचं दूध पुरत नसेल तर बालरोगतज्ज्ञ सांगतील ते. शेळीच्या दुधात फोलेट फार कमी असतं, लहान बाळ त्यावरच ठेवलं तर रक्त कमी होतं. मोठ्यांनीही ते उकळूनच घ्यायचं, धारोष्ण वगैरे नको, ब्रुसेला नावाचा जंतू कच्च्या दुधातून माणसाला लागतो आणि ताप महिनोन्महिने जात नाही. तुमची भावजय किंवा घरातलं कुणी गरोदर असेल तर तिने व्यायलेल्या शेळीच्या किंवा वारेच्या, म्हणजे विल्यावर पडणाऱ्या जाराच्या, जवळपास जाऊ नये, ते काम दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून करायचं.